यकृत कर्करोगातील रक्तगत दाहदर्शके

यकृतपेशींच्या कर्करोगात उपचारानंतर रोग उलटण्याचा धोका किती व रुग्ण किती काळ जगेल, याचा अंदाज बांधण्यासाठी वापरली जाणारी, शरीरातील दाह (इन्फ्लमेशन) दाखवणारी रक्तातील मापने. निदानासाठी ती उपयोगी नाहीत. साध्या जंतुसंसर्गानेही ती वाढतात.

कर्करोग व दाह यांच्या संबंधाची कल्पना जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रूडोल्फ फिरखो यांच्याकडे (सामान्यतः १८६३) नेली जाते. न्यूट्रोफिल व लिंफोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या संख्यांच्या गुणोत्तराचे श्रेय बहुधा स्लोव्हाकियातील झाहोरेत्स (२००१) यांना देतात. मात्र त्यांचा विषय अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या शरीरावरील ताण हा होता. यकृत कर्करोगापुरता आरंभ २००८-०९ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या यकृतछेदन (यकृताचा रोगग्रस्त भाग काढणे) व प्रत्यारोपण यांवरील अभ्यासांपासून धरणे अधिक सयुक्तिक ठरते. त्यांत गुणोत्तर ५ किंवा अधिक असलेल्यांत रोग उलटण्याचे प्रमाण जास्त आढळले. ग्लासगो गुणांक हे दुसरे दाहदर्शकही (२००३) मुळात फुप्फुसाच्या कर्करोगासाठी होता. त्यात सी-रिॲक्टिव्ह प्रथिन (दाहात वाढणारे) लिटरला १० मिग्रॅ.हून अधिक व अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रमुख प्रथिन) ३५ ग्रॅ.हून कमी असल्यास प्रत्येकी एक गुण मिळतो.

खरी अडचण यकृतातच आहे. सी-रिॲक्टिव्ह प्रथिन व अल्ब्युमिन दोन्ही यकृतातच तयार होतात. बहुतेक रुग्णांना आधीच सिऱ्होसिस (यकृत कठीण व व्रणयुक्त होणे) असतो. त्यामुळे अल्ब्युमिन उतरले ते दाहाने की यकृत थकल्याने, हे सांगणे कठीण. बिंबाणूंचेही (प्लेटलेट) तसेच : सिऱ्होसिसमध्ये प्लीहा वाढून ते घटतात. शांघायच्या संशोधकांनी २०१४ मध्ये बिंबाणू × न्यूट्रोफिल ÷ लिंफोसाइट असा निर्देशांक मांडला व ३३० ही सीमा धरली (पेशीसंख्या लिटरला अब्जांत). न्यूट्रोफिल ४.८, लिंफोसाइट १.२ व बिंबाणू १५० असल्यास निर्देशांक ६०० येतो. त्याच रुग्णाची प्लीहा वाढून बिंबाणू ७० वर आले, तर तो २८० भरतो. यकृताची अवस्था बिघडूनही रुग्ण कमी धोक्याच्या गटात जातो. म्हणून प्रगत सिऱ्होसिसमध्ये बिंबाणूंवर आधारित निर्देशांकांपेक्षा साधे न्यूट्रोफिल-लिंफोसाइट गुणोत्तर बरे, असे म्हणता येईल. स्टेरॉइड चालू असल्यास तेही फसवे ठरते.

सीमारेषांबाबत एकमत नाही. निरनिराळ्या अभ्यासांत या गुणोत्तराच्या सीमा २ ते ५ अशा बदलतात. बहुतेक अभ्यास पूर्वलक्षी (जुन्या नोंदींवर आधारलेले) आहेत. चीनमधील रुग्णांत हिपॅटायटिस-बी, तर जपानमध्ये दीर्घकाळ हिपॅटायटिस-सी प्रमुख होता. भारतात हिपॅटायटिस-बीबरोबर मद्यपान व मेदयुक्त यकृत हीही कारणे असल्याने तेथील सीमा येथे जशाच्या तशा लावू नयेत.

इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध चालना देणारे उपचार) घेणाऱ्यांसाठी २०२२ मध्ये क्राफिटी गुणांक पुढे आला : सी-रिॲक्टिव्ह प्रथिन डेसिलिटरला किमान १ मिग्रॅ. व अल्फा-फीटोप्रोटीन (यकृत कर्करोगात बहुधा वाढणारे प्रथिन) मिलिलिटरला किमान १०० नॅनोग्रॅम, प्रत्येकी एक गुण.