रेडियम कटिंगचं मशीन बसवताना: ब्लेड, फोर्स आणि शिरोरेषा

बाजारात व्हिनाइलला, म्हणजे मागे गोंद आणि कागद असलेल्या पातळ प्लॅस्टिकला, सगळे ‘रेडियम’च म्हणतात, म्हणून या पत्रकातही तोच शब्द ठेवला आहे. दोन फुटी कटर प्लॉटर (कॉम्प्युटरवरच्या आकृतीप्रमाणे रेडियम कापणारं मशीन) नव्याने घेणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. मशीन ‘नीट कापत नाही’ अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेक वेळा मशीन ठीक असतं आणि ब्लेड गरजेपेक्षा जास्त बाहेर काढलेलं असतं. म्हणून ब्लेडबद्दलचा भाग सावकाश वाचा.

जागा, वीज, जोडणी

मशीन पंख्याखाली ठेवू नका. पुढे आणि मागे रेडियम मोकळं लोंबेल एवढी जागा हवी. प्लगला अर्थिंग हवंच. रेडियम रोलरवरून घासत जातं तेव्हा स्थिर वीज साठते. तिला जमिनीत जायला वाट नसेल तर ती यूएसबीच्या वाटेने जाते, कॉम्प्युटरला मशीन दिसेनासं होतं आणि काम अर्ध्यात थांबतं. हिवाळ्यात कोरड्या हवेत हे जास्त होतं. केबल दोन मीटरपेक्षा लांब घेऊ नका.

ड्रायव्हर टाकल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये मशीनच्या जोडणीचा जो कॉम पोर्ट नंबर दिसतो, तोच कटिंग सॉफ्टवेअरमध्ये द्या. बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) बहुतेक मशीनवर ९६०० असतो, फ्लो कंट्रोल (माहिती थांबवण्या-सोडण्याची सेटिंग) ‘हार्डवेअर’ ठेवा. काल चालत होतं आणि आज चालत नाही, असं झालं तर केबल दुसऱ्या खाचेत लागली आहे का ते आधी बघा, कारण खाच बदलली की पोर्ट नंबरही बदलू शकतो. मग १०० मिमीचा चौकोन कापून पट्टीने मोजा. ९९ आला तर मशीनच्या स्केल सेटिंगमध्ये दुरुस्ती करा.

ब्लेड किती बाहेर हवं

साध्या रेडियमची जाडी साधारण ८० मायक्रॉन, म्हणजे ०.०८ मिमी. ब्लेडने तेवढं कापून मागच्या कागदावर फक्त ओरखडा उठवायचा आहे. त्यामुळे टोक साध्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीपेक्षा जास्त बाहेर नको. ब्लेड बसवलेलं होल्डर हातात धरून रेडियमच्या तुकड्यावर नेहमीच्या दाबाने एक रेघ ओढा. रेडियम कापलं गेलं आणि कागद शाबूत राहिला, तर खोली बरोबर आहे. आता होल्डर मशीनमध्ये बसवून स्क्रू घट्ट करा.

फोर्स, म्हणजे ब्लेडचा दाब, त्यानंतर ठरवायचा. ६० ग्रॅमपासून सुरू करून दर वेळी १० ग्रॅमने वाढवत टेस्ट कट घ्या. ४५ अंशाच्या ब्लेडने साधं रेडियम सहसा ८० ते १२० ग्रॅममध्ये कापलं जातं. मशीनवरचा आकडा आणि प्रत्यक्ष दाब यांत फरक असतो, म्हणून शेजारच्या दुकानातला आकडा उचलू नका. टेस्टचा चौकोन सोलल्यावर कागद उलटा करून बोट फिरवा. मागून रेघ हाताला लागली तर दाब जास्त आहे. तसंच चालवत राहिलात तर ब्लेडचं टोक जातं आणि खालच्या टेफ्लॉन पट्टीत चर पडतो. त्या चरावरून ब्लेड गेलं की कट तुटक येतो आणि लोक फोर्स आणखी वाढवतात. इथे उपाय नवी पट्टी हाच.

रिफ्लेक्टिव्ह रेडियमसाठी ६० अंशाचं ब्लेड आणि कमी वेग घ्या. त्यात काचेचे बारीक मणी असतात, ब्लेड लवकर बोथट होतं. साध्या कामाचं ब्लेड त्यावर वापरू नका.

कोपरे बिघडले तर

ब्लेडचं टोक होल्डरच्या मध्यापासून थोडं बाजूला असतं, बहुतेक ब्लेडना ०.२५ मिमी. यालाच ऑफसेट म्हणतात. चौकोनाचे कोपरे गोल आले तर ऑफसेट वाढवा, कोपऱ्यावर शिंग फुटल्यासारखं दिसलं तर कमी करा. आकडा बरोबर असूनही कोपरे खराब येत असतील, किंवा रेघेची सुरुवात आणि शेवट जुळत नसतील, तर होल्डर उघडा. बेअरिंगमध्ये रेडियमची बारीक कातरण अडकली की ब्लेड फिरत नाही. फुंकर मारून साफ करा आणि हलक्या तेलाचा एकच थेंब द्या.

लांब कामात रेडियम तिरकं सरकत असेल तर दोन्ही पिंच रोलर (रेडियम वरून दाबून धरणारी चाकं) ग्रिट रोलरच्या (रेडियम सरकवणाऱ्या खालच्या खरखरीत रोलरच्या) बरोबर वर आहेत का, दाब सारखा आहे का ते पाहा. रोलवरून लागेल तेवढं रेडियम आधीच हाताने मोकळं करून ठेवा, नाहीतर रोलचं वजन झटका देतं. पावसाळ्यात मागचा कागद ओल धरून लाटेसारखा होतो. वापरलेला रोल पिशवीत बांधून उभा ठेवा.

देवनागरी अक्षरं

२०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्यात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली, त्यामुळे हे काम तुमच्याकडे येणारच. मराठी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. पडद्यावर ‘किराणा’ सलग दिसतं, पण ब्लेड प्रत्येक जोडावर आडवं जातं आणि नको असलेला भाग सोलताना शिरोरेषा तुकड्यातुकड्याने निघून येते.

म्हणून आधी अक्षरांचे कर्व्ह करा (फॉन्टऐवजी नुसत्या आकृत्या), मग वेल्ड, म्हणजे एकमेकांवर चढलेल्या आकृत्या जोडून एक करा. कोरल या डिझाइन सॉफ्टवेअरच्या वायरफ्रेम व्ह्यूमध्ये, जिथे फक्त बाह्यरेषा दिसतात, तपासा: शिरोरेषा एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सलग हवी आणि ‘व’, ‘ब’ यांची पोटं भरून गेलेली नसावीत. काचेच्या आतून लावायचं असेल तर इथेच मिरर (आरशातल्यासारखं उलटं) करा.

अक्षराची उंची १५ मिमीपेक्षा कमी असेल तर वेग सेकंदाला १०० मिमी किंवा त्याहून कमी ठेवा. अनुस्वार हा सर्वात छोटा सुटा तुकडा, तोच पहिल्यांदा उचलला जातो. सोलताना रेडियम सरळ वर न ओढता मागे दुमडून, कागदाला जवळजवळ टेकवत न्या आणि अनुस्वारापाशी आलात की चिमट्याचं टोक त्यावर दाबून धरा.

एवढं करूनही अडलं तर आम्हाला सांगताना टेस्ट कटचा पुढून आणि मागून फोटो, रेडियमचा प्रकार, फोर्स, वेग आणि ऑफसेट, हे सगळं एकत्र पाठवा.