सोनेरी चादरीचे पाच टाके

३ नोव्हेंबर २००७, शनिवार. दिवाळी आठवड्यावर आलेली. सांगलीत विश्रामबागला आमच्या घरी चकलीची भाजणी भाजणं चाललं होतं आणि मी दुपारी तीनपासून संगणकासमोर ठाण मांडून बसलो होतो. त्या काळी भारनियमनाचं वेळापत्रक आम्ही कॅलेंडरशेजारीच चिकटवून ठेवायचो. त्या दिवशीची आमची पाळी सकाळीच होऊन गेली होती, म्हणून निर्धास्त होतो. नासा टीव्हीचं थेट प्रक्षेपण हातरुमालाएवढ्या चौकटीत दिसायचं. मधूनच चित्र थिजायचं, पण आवाज सहसा नीट यायचा.

आपल्याकडचे साडेतीन वाजले आणि स्कॉट पॅराझिन्स्की व डग व्हीलॉक हे अमेरिकी अंतराळवीर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या एअरलॉकमधून, म्हणजे बाहेर जायच्या हवाबंद खोलीतून, बाहेर पडले. काम होतं स्थानकाला उन्हातून वीज देणारा, फाटलेला सौरपंख सांधायचं.

हा पंख माझ्या चांगल्या ओळखीचा होता. पी-६ नावाच्या भागावर असे दोन पंख. स्थानकाचं बांधकाम नुकतं सुरू झालं होतं तेव्हा, डिसेंबर २००० मध्ये, तो भाग तात्पुरता म्हणून स्थानकाच्या माथ्यावर बसवला होता. पुढं बांधकाम वाढलं की त्याला डाव्या टोकाला न्यायचं, हे आधीपासून ठरलेलं. पण न्यायचं तर आधी पंखांची घडी घालायला हवी, आणि सहा वर्षं उन्हात ताणून बसलेली ती चादर घडी घालून घेईना. डिसेंबर २००६ मध्ये सुनीता विल्यम्स आणि रॉबर्ट कर्बीम यांनी पंखाची पेटी हातांनी हलवून हलवून घड्या सोडवायचा प्रयत्न केला, तोही सगळा आम्ही इथे बसून पाहिला होता. सुनीतामुळं तेव्हा घरोघरी स्पेसवॉक हा शब्द पोचला होता. त्या फेरीत तिनं चार स्पेसवॉक मिळून २९ तास १७ मिनिटं बाहेर काढली. पंखाची घडी मात्र दोन दिवसांनी कर्बीम आणि क्रिस्टर फुगलसांग यांनी पुरी केली.

तोच पंख आता नव्या जागी उलगडताना ३० ऑक्टोबरला फाटला. त्याला सरळ ठेवणारी एक तार गुंतली, मागून ओढ चालूच राहिली आणि चादर सुमारे अडीच फूट टरकली. शेजारी आणखी एक लहान फट पडली.

एवढ्यात आई हात पुसत मागं येऊन उभी राहिली. तिनं तीस वर्षं गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवलेत, साड्यांना फॉल लावलेत. फाटलेल्या जागेचा फोटो तिनं डोळे बारीक करून पाहिला.

"उसवलंय का विरलंय रे?"

"फाटलंय. तार अडकली."

"पण गेलंय घडीवरच. पैठणी अशीच जाते, वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवली की."

तिचं बरोबर होतं. दोष तारेचा, पण फाटलं ते घडीच्या रेषेपाशी. एक पंख म्हणजे सुमारे ३४ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद पसारा. त्यावर ३२,८०० सौरघट, आणि ते सगळे सोनेरी दिसणाऱ्या पातळ पापुद्र्यावर बसवलेले. पापुद्र्याचे तुकडे बिजागऱ्यांनी जोडलेले, म्हणून तर त्याची घडी होते.

अर्धवट उघडा पंख तसाच सोडायचीही सोय नव्हती. पंखाला मधून ताणून धरणारा डोलारा पूर्ण उघडला गेला तरच ताठ उभा राहतो, नाहीतर एखादं यान येऊन जोडलं जातानाच्या हिसक्यानं मोडायची भीती. त्यात २८ ऑक्टोबरला डॅन टानीला उजव्या बाजूचे पंख फिरवणाऱ्या सांध्यात लोखंडाचा चुरा सापडला होता, म्हणजे तिकडचा भरवसाही गेलेला. युरोपची कोलंबस आणि जपानची किबो या प्रयोगशाळा यायच्या रांगेत होत्या. त्यांना लागणारी वीज याच पंखांतून मिळायची.

दुरुस्ती ठरली ती चार दिवसांत. ह्यूस्टनमधल्या नासाच्या लोकांनी जमिनीवर नमुने करून पाहिले, कृती वर कळवली, आणि जॉर्ज झॅमका व स्थानकाची कमांडर पेगी व्हिटसन यांनी आत बसून, हाताशी होती ती तार, अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि चिकटपट्टी घेऊन पाच 'कफलिंक' बनवल्या. (या अंतराळवीरांना घेऊन आलेल्या शटल यानाची कमांडर पामेला मेलरॉय, स्थानकाची व्हिटसन. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी बाई कमांडर असण्याची ती पहिली वेळ.) शर्टाच्या बाहीला लावायचं दुहेरी बटण असतं, तशी ही वस्तू. टोकाचा चपटा तुकडा पापुद्र्यातल्या भोकातून तिरका घालायचा, पलीकडं गेला की आडवा करायचा. दुसरं टोक फाटलेल्या जागेच्या दुसऱ्या बाजूच्या भोकात.

मी हे आईला सांगितलं. ती लगेच म्हणाली, "म्हणजे फाटलंय तिथं टाका घालायचाच नाही. आधीची काजं वापरायची. शहाणी माणसं आहेत."

मला वाटतं त्या दुरुस्तीतलं मर्म तिनं एका वाक्यात पकडलं. फाटलेल्या कडेला टाका घातला तर ताण पुन्हा तिथंच येतो आणि चीर पुढं सरकते. मजबूत भोकांमध्ये तार ओवली तर ताण तारेवर जातो, फाटलेला भाग नुसता लोंबत राहतो, त्याला काही ओढ बसत नाही. अंतराळवीरांनी फट बुजवलीच नाही. तिच्यावरचा भार तेवढा काढून घेतला.

सगळ्यात अवघड होतं ते तिथवर पोचणं. स्थानकाचा १७.६ मीटरचा यांत्रिक हात तिथं पुरत नव्हता. म्हणून त्याच्या टोकाला शटलचा १५ मीटरचा दांडा धरला आणि त्या दांड्याच्या टोकाला पाय अडकवून पॅराझिन्स्की उभा राहिला. हा दांडा खरं तर शटलचं बाहेरचं आवरण तपासायचा. त्यावर माणूस उभा केला तर तो किती हलतो एवढी चाचणी २००६ मध्ये झाली होती, पण त्यावरून खरं काम कुणी केलं नव्हतं. आत बसून हात चालवत होत्या स्टेफनी विल्सन आणि जोडीला डॅन टानी. तो यांत्रिक हातही २००१ मध्ये क्रिस हॅडफील्डबरोबर बसवला होता याच पॅराझिन्स्कीनं. नुसतं जागेवर पोचायलाच पाऊण तासाच्या आसपास गेला. उंच माणूस, लांब हातांचा, तरी पंख त्याच्या बोटांच्या जेमतेम टप्प्यात.

आणि पंख जिवंत होता. सांगलीत आम्ही वीज येण्याची वाट बघायचो. तिथं ती बंद करता येत नव्हती, कारण ऊन पडलं की घट वीज करणारच, त्याला बटण नाही. शंभराहून जास्त व्होल्ट. पोशाखाच्या आत शुद्ध ऑक्सिजन, त्यामुळं ठिणगीला फारच जपायचं. म्हणून पोशाखावरच्या धातूच्या जागा आणि अवजारं वीजरोधक पट्टीनं गुंडाळलेली. पंख डोलत जवळ आला तर ढकलायला हॉकीच्या स्टिकसारखं एक अवजार, तेही पट्टीत गुंडाळलेलं. हातमोज्यांचीही धास्ती होतीच. ऑगस्टमध्ये एका अंतराळवीराच्या मोज्याला कापल्याची खूण दिसली म्हणून त्याचा स्पेसवॉक आटोपता घ्यावा लागला होता.

व्हीलॉक पंखाच्या बुडाशी थांबून अंतर सांगत होता. पाओलो नेस्पोली आतून एकेक पायरी वाचत होता. स्थानक दीड तासात पृथ्वीभोवती फिरतं, त्यामुळं पाऊण तास ऊन, पाऊण तास अंधार. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातून पॅराझिन्स्कीचे मोजे दिसत होते, जाड, फुगलेले. पोशाखात हवेचा दाब आपल्या भोवतीच्या दाबाच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच असतो, पण बाहेर काहीच नसल्यानं मोजा फुग्यासारखा ताठ होतो आणि प्रत्येक वेळी मूठ वळताना त्याच्याशी झटावं लागतं. अशा बोटांनी त्यानं चपटा तुकडा भोकाशी नेला, तिरका केला. तो निसटला. पुन्हा नेला. आईचा श्वास माझ्या कानामागं थांबलेला मला कळला. तुकडा आत गेला आणि पलीकडं आडवा झाला.

"बसलं," आई म्हणाली.

मधेच चित्र गेलं, आवाज तेवढा राहिला. स्थानकावरून निघालेली दृश्यं आधी ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडं जातात, तिथून न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सच्या केंद्रात उतरतात. स्थानकाचाच एखादा भाग अँटेनाच्या आड आला की चित्राची वाट अडते. बोलणं वेगळ्या लहरींवरून येतं, ते सहसा चालू राहतं. त्या मिनिटांत आम्ही नुसतं ऐकत बसलो.

पाचही कफलिंक बसल्या, गुंतलेली तार कापली गेली. मग आतून पंख थोडा उलगडायचा, थांबायचं, पॅराझिन्स्कीनं पाहायचं, पुन्हा थोडा. शेवटी तो पूर्ण ताणला गेला. फाटलेल्या जागी पाच बारीक रेषा दिसत होत्या, बाकी चादर सपाट. आपल्याकडचे पावणेअकरा वाजून गेल्यावर दोघे एअरलॉकमध्ये परतले. ७ तास १९ मिनिटं. तेवढ्या वेळात पृथ्वीभोवती जवळजवळ पाच प्रदक्षिणा झाल्या होत्या. चकल्या आईनं दुसऱ्या दिवशी केल्या.

जून २०२१ मध्ये त्याच पंखापुढं नवा, गुंडाळीतून उलगडणारा सौरपंख बसवला गेला. शेन किम्ब्रो आणि थॉमस पेस्के यांचा २५ जूनचा स्पेसवॉक मी मोबाईलवर लावला, चित्र आता लख्ख. आई पंच्याहत्तरीची झालेली, दृष्टी मंदावलेली. नवा पंख लांबीला जुन्याच्या निम्म्याहून थोडा जास्त, रुंदीला निम्मा, त्याच्यासमोर किंचित तिरका. जुना काढलेला नाही, जेवढा उघडा राहतो तेवढ्यावर तो अजून वीज करतो.

"ती बटणं मागं तशीच आहेत का?" तिनं विचारलं.

तशीच आहेत. पडदा मोठा करून मी तिला जागा दाखवली.