हेराचं मन सोंग कुठवर पेलतं?

१९६८ साली आखेनच्या विद्यापीठात पीएचडी करणारी एक पश्चिम जर्मन तरुणी पूर्व जर्मनीतल्या कार्ल-मार्क्स-श्टाट या शहरात गेली. आज त्या शहराला केमनिट्झ म्हणतात. तिचा विषय होता पूर्व जर्मनीतल्या स्त्रियांचं राजकीय स्थान. तिथे तिची एका पुरुषाशी ओळख झाली, ओळखीचं प्रेम झालं. तो स्टासीचा, म्हणजे पूर्व जर्मनीच्या सुरक्षा मंत्रालयाचा माणूस होता आणि त्याने सांगितलेलं नाव खोटं होतं. ही तरुणी गाब्रिएले गास्ट. १९७३ मध्ये ती पश्चिम जर्मनीच्या बीएनडी या गुप्तचर संस्थेत रुजू झाली, सोव्हिएत संघाचा अभ्यास करणाऱ्या विभागात वर चढत गेली आणि इतकी वर्षं पूर्वेला माहिती पुरवत राहिली. सप्टेंबर १९९० च्या अखेरीस, दोन्ही जर्मनी एक व्हायला काही दिवस उरले असताना तिला अटक झाली.

हा सापळा होता, यात शंका नाही. स्टासीच्या परदेशी हेरखात्याचा प्रमुख मार्कुस वोल्फ याने असे ‘रोमिओ’ हेर पद्धतशीरपणे वापरले. पण सापळा म्हटलं की प्रश्न मिटत नाही. पहिल्या भेटीतला डाव दोन दशकं माणसाला धरून ठेवू शकत नाही. मग काय धरून ठेवतं? मानसशास्त्राने या प्रश्नाच्या कडेकडेने बरंच काम केलं आहे आणि मला ते हेरकथांइतकंच विलक्षण वाटतं.

जवळीक कशी तयार होते, इथून सुरुवात करू. १९९७ मध्ये आर्थर अरॉन आणि सहकाऱ्यांनी एकमेकांना न ओळखणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या आणि त्यांना ३६ प्रश्न दिले. सुरुवातीचे प्रश्न हलके, पुढचे अधिकाधिक खासगी. पाऊण तासानंतर या जोड्यांना वाटणारी जवळीक नुसत्या गप्पा मारलेल्या जोड्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त होती. थोडं आपण उघड व्हायचं, थोडं समोरच्याने, मग आणखी थोडं. समोरच्याचा विश्वास संपादन करायला हेर नेमकं हेच करतो. फरक इतकाच की त्याला वाटतं, परिणाम फक्त समोरच्यावर होतो आहे. पण ही देवाणघेवाण दोघांवर काम करते. सोंग वठवायचं तर समोरच्याची दुखणी, आई-वडील, भीती हे सगळं मनापासून ऐकावं लागतं आणि मन लावून ऐकण्याचा अभिनय प्रत्यक्ष ऐकण्यापासून फार काळ वेगळा राहत नाही.

दुसरा धागा आहे आपल्याच तोंडून निघालेल्या शब्दांचा. १९५९ मध्ये लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी विद्यार्थ्यांना तासभर अत्यंत कंटाळवाणं काम दिलं आणि नंतर पुढच्या माणसाला ‘काम मजेचं आहे’ असं खोटं सांगायला लावलं. त्यासाठी काहींना २० डॉलर मिळाले, काहींना फक्त एक. नंतर मत विचारलं, तेव्हा एक डॉलरवाल्यांनाच ते काम जास्त आवडलेलं निघालं. खोटं बोलायला पुरेसं बाहेरचं कारण नव्हतं, म्हणून मनाने मतच बदलून घेतलं, असा त्याचा अर्थ लावला गेला. या अर्थाबद्दल वाद आहेत. अलीकडे अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून याच सिद्धान्ताची मोठी फेरतपासणी केली. स्वतःच्या मताविरुद्ध लिहायचं स्वातंत्र्य दिलं की सक्ती केली, याने तिथे फारसा फरक पडला नाही, पण मताविरुद्ध लिहिणाऱ्यांचं मत त्या दिशेने सरकलं. कारण कोणतंही असो, बोललेलं आपल्यात मुरतं. वर्षानुवर्षं रोज ‘मला तुझी काळजी आहे’ म्हणणाऱ्या माणसाचं काय होत असेल, याचा अंदाज येतो.

इथे बहुतेक लेख ऑक्सिटोसिन या जिव्हाळ्याशी जोडल्या जाणाऱ्या संप्रेरकाकडे वळतात. मला ते टाळावंसं वाटतं. नाकात ऑक्सिटोसिन फवारलं की विश्वास वाढतो, हा २००५ मधला गाजलेला निष्कर्ष पुढच्या प्रयोगांत नीट टिकला नाही. आयुष्यभराची जोडी बांधणारे प्रेअरी व्होल नावाचे उंदरांसारखे प्राणी या संशोधनाचे लाडके, पण ऑक्सिटोसिनला प्रतिसाद देणारे पेशींवरचे ग्राहक (रिसेप्टर) नसलेले व्होलही जोडी बांधतात, असं २०२३ मध्ये दिसलं. एका रेणूत जिव्हाळा शोधणं घाईचं आहे.

गास्टच्या गोष्टीवर सर्वांत जास्त प्रकाश टाकतं ते गुपितांवरचं संशोधन. कोलंबिया विद्यापीठातल्या मायकल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये लोक गुपितं कशी वागवतात ते तपासलं. आपल्याला वाटतं, त्रास होतो तो बोलताना लपवण्याचा. प्रत्यक्षात तसे प्रसंग कमी येतात. एकटं असताना मन गुपिताकडे भटकण्याचे प्रसंग सुमारे दुप्पट होते आणि माणसाच्या स्वास्थ्यावर परिणाम दिसला तो या भटकण्याचा. गुपित एखाद्यापाशी उघड केलं की हा भार हलका होतो, असंही त्यांच्या पुढच्या कामात आढळलं.

आता बीएनडीतल्या कचेरीत बसलेली गास्ट डोळ्यांसमोर आणा. सहकारी, शेजारी, मैत्रिणी, कुणालाच ती पूर्ण ठाऊक नाही. ती पूर्ण ठाऊक असलेली माणसं सीमेपलीकडे आहेत: तो प्रियकर आणि तिला अनेकदा भेटलेला खुद्द वोल्फ. ज्यांच्यामुळे हे गुपित जन्मलं, तेवढ्यांपाशीच ते खाली ठेवता येतं. शत्रूराष्ट्रातल्या माणसाशी एवढा लळा कसा, याचं मला पटणारं उत्तर हेच आहे. देश दुभंगलेला असल्यामुळे ते नातं तुटलं नाही, उलट आवळत गेलं, कारण सीमेच्या अलीकडे मन मोकळं करायला जागाच नव्हती.

ग्युंटर गियोमची गोष्ट उलट बाजूची. १९५६ मध्ये निर्वासित म्हणून पत्नीसह पश्चिमेत आलेला हा स्टासीचा अधिकारी पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर, म्हणजे सरकारचे प्रमुख, विली ब्रांट यांचा निकटचा सहायक बनला. दौरे, सुट्ट्या, सगळीकडे सोबत. १९७३ च्या नॉर्वेतल्या सुट्टीतही तो होता. हेरगिरी करताना तो सहायकाचं कामही चोख करत होता, ते काही खोटं नव्हतं. एप्रिल १९७४ मध्ये तो पकडला गेला आणि मे महिन्यात ब्रांट यांनी राजीनामा दिला. पूर्वेशी समेट घडवू पाहणारा नेता पूर्वेच्याच हेरामुळे गेला. आपला तो हेतू नव्हता, हे वोल्फने पुढे मान्य केलं.

मात्र अशा नात्यांना हळवं रूप देऊ नये. केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेच्या हेराने हुकमावरून लग्न केलेल्या लिओनोरे झ्युटर्लिन या बॉनच्या, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या राजधानीतल्या, परराष्ट्र खात्यातल्या सचिवेला १९६७ मध्ये अटकेनंतर ते लग्न कसं ठरलं होतं हे कळलं आणि तिने कोठडीत आयुष्य संपवलं. जवळीक दोघांत मुरली तरी माहिती एकालाच असते आणि किंमत बहुधा दुसरा चुकवतो. मोठ्या प्रमाणावर काय झालं तेही मोजलं गेलं आहे. १९८९ मध्ये स्टासीचे सुमारे ९१ हजार कर्मचारी आणि जवळपास १ लाख ८९ हजार अनधिकृत खबरे होते. ज्या भागांत खबऱ्यांची दाटी जास्त होती, तिथल्या लोकांचा इतरांवरचा विश्वास एकीकरणानंतर कित्येक वर्षांनीही कमी आढळला, असं अर्थशास्त्रज्ञ लिश्टर, लॉफलर आणि झीग्लोख यांनी दाखवलं.

प्रयोगशाळेतली जवळीक पाऊण तासाची, वीस वर्षांची कुणी घडवून पाहू शकत नाही. त्यासाठी स्टासीच्या फायली कामी आल्या असत्या. त्यांची लांबी शंभर किलोमीटरहून अधिक भरते, पण त्यात देशांतर्गत पाळतीचा भाग मोठा आहे. वोल्फच्या परदेशी हेरखात्याला १९९० मध्ये आपली दप्तरं नष्ट करू दिली गेली. अमेरिकेच्या सीआयएच्या हाती लागून २००३ पर्यंत जर्मनीला परत मिळालेली ‘रोझेनहोल्झ’ सामग्री मुख्यतः नोंदपत्रांची आहे. हेर कोण होता हे त्यावरून कळतं. ते दोघं एकमेकांशी काय बोलले, हे मात्र त्या नोंदपत्रांवर नाही.