गळक्या बॅटरीवर सोडा नको, व्हिनेगर हवं

कमोडोर कंपनीचा १९९१ सालचा अमिगा ५०० प्लस हा घरगुती संगणक असो की त्याच सुमाराचा ३८६ प्रोसेसरचा पीसी, मदरबोर्डच्या एका बाजूला बहुधा नळकांड्यासारखी छोटी बॅटरी सोल्डर केलेली आढळते. निकेल-कॅडमियमचे १.२ व्होल्टचे तीन सेल, एकूण ३.६ व्होल्ट. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं, एवढंच तिचं मुख्य काम. पण प्रोसेसर आणि मेमरी धडधाकट असलेले कितीतरी बोर्ड या किरकोळ भागापायी निकामी होतात.

बॅटरी गळली की ‘अ‍ॅसिड सांडलं’ असं समजून काही जण खाण्याचा सोडा लावतात. त्याने काही साधत नाही, कारण आतला द्रव आम्ल नसतोच. ते असतं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे तीव्र अल्कली. सोडाही अल्कधर्मीच.

सील जुनं झालं की हा द्रव धातूच्या पृष्ठभागावरून सरकत बाहेर येतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचं पोटॅशियम कार्बोनेट होतं. बुरशीसारखी पांढरी पूड दिसते ती हीच. हिरवा-निळा थर मात्र तांब्याच्या क्षारांचा, आणि खरी काळजी त्याची. सोल्डरमधलं कथील आणि शिसं आम्लात विरघळतात तसे अल्कलीतही, म्हणून सोल्डरचे सांधे आधी निस्तेज होतात. अशा सांध्याला सोल्डरिंग आयर्न लावलं तरी वरच्या ऑक्साइडमुळे तो चटकन वितळत नाही.

हातमोजे आणि चष्मा घालून आधी बॅटरी कापून काढावी. कॅडमियम विषारी आहे, ती कचऱ्यात टाकू नये. मग साधं पांढरं व्हिनेगर, म्हणजे साधारण पाच टक्के अ‍ॅसिटिक आम्ल, मऊ ब्रशने लावायचं. कार्बोनेट फसफसतं. फसफस थांबली म्हणजे वरचं संपलं, इतकंच. द्रव चिप्सच्या सॉकेटखाली शिरलेला असेल तर सॉकेट काढण्यावाचून गत्यंतर नाही. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर गंज पुन्हा डोकं वर काढतो. व्हिनेगरही बोर्डवर राहिलं तर धातू खातंच, म्हणून ते डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पाणी काढायचं आणि बोर्ड पूर्ण सुकू द्यायचा.

एवढ्याने बोर्ड सुरू होईलच असं नाही. व्हिनेगर अल्कली मारतं, खाल्लेलं तांबं परत आणत नाही. हिरव्या लाखेखाली काळवंडलेला प्रत्येक ट्रॅक, म्हणजे बोर्डवरची तांब्याची रेघ, मल्टीमीटरने तपासावा. तुटला असेल तर बारीक तार जोडावी.

अ‍ॅपलच्या जुन्या मॅकिंटॉश एसई/३० संगणकात मात्र ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी असते. तिच्यात थायोनिल क्लोराइड असेल, तर गळल्यावर ओलाव्याशी गाठ पडून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. तिथे सोड्याचं पातळ द्रावण योग्य. त्यामुळे बॅटरीवरचं लेबल वाचल्याशिवाय कुठल्याच बाटलीला हात लावू नये.

निकेल-कॅडमियमच्या जागी नाण्यासारखा लिथियम सेल बसवायचा असेल, तर मध्ये डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, हवाच. मूळ सर्किट बॅटरी चार्ज करतं, आणि असा साधा लिथियम सेल चार्ज झाला तर फुटू शकतो.