ऊन आतड्यापर्यंत पोहोचतं तेव्हा

मे महिन्यात रावेर-सावद्याच्या पट्ट्यात केळीची कापणी जोरात असते. पारा ४५ अंशांच्या आसपास, आणि डोक्याला रुमाल गुंडाळलेले मजूर खांद्यावर घड घेऊन बागेतून गाडीपर्यंत खेपा घालत असतात. त्यातला एखादा बरळायला लागला, कोसळला, की लोक म्हणतात, ‘ऊन डोक्यात गेलं.’ मेंदूवर परिणाम होतोच. पण उष्माघात इतका जीवघेणा का ठरतो हे कळण्यासाठी पोटातही डोकवावं लागतं.

आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा फक्त एक थर असतो. सगळा मिळून सुमारे ३० चौरस मीटरचा पसारा, पण जाडी एका पेशीची. अलीकडे अन्न आणि असंख्य जिवाणू, पलीकडे रक्त. अन्नरस आत घ्यायचा आणि जिवाणूंना बाहेर ठेवायचं, अशी दोन्ही कामं हाच थर करतो.

शेजारच्या दोन पेशींमध्ये जी फट राहते, ती वरच्या कडेला शिवून टाकलेली असते. या शिवणीला टाइट जंक्शन म्हणतात. १९६३ मध्ये मर्लिन फार्क्वार आणि जॉर्ज पॅलेड यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तिचं सविस्तर वर्णन केलं. ती कशाची बनलेली आहे हे उलगडायला पुढची तीस वर्षं गेली. जपानमध्ये शोइचिरो त्सुकिता, मिकिओ फुरुसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९३ मध्ये ऑक्ल्युडिन हे प्रथिन सापडलं, १९९८ मध्ये क्लॉडिन.

क्लॉडिनचा रेणू पेशीच्या पटलातून चार वेळा आरपार जातो. त्यामुळे त्याचे दोन वेढे बाहेर राहतात आणि शेजारच्या पेशीतून आलेल्या तशाच वेढ्यांत अडकतात. त्याची शेपटी पेशीच्या आत असते. तिला झेडओ-१ नावाचं प्रथिन धरून ठेवतं आणि पेशीच्या कडेने फिरणाऱ्या अ‍ॅक्टिन या धाग्यासारख्या प्रथिनाच्या पट्ट्याशी जखडतं. ही शिवण सरसकट बंद नसते, आणि मला तिची ही बाजू फार विलक्षण वाटते. क्लॉडिनचे दोन डझनांहून अधिक प्रकार आहेत. काही वाट अडवतात, तर क्लॉडिन-२ सोडियम आणि पाण्याला मोजकी वाट करून देतं. मूत्रपिंडातलं क्लॉडिन-१६ जन्मतःच सदोष असलेल्या मुलांच्या लघवीतून मॅग्नेशियम वाहून जातं.

उन्हात अंग तापलं की शरीर उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त कातडीकडे वळवतं. ते कमी होतं आतड्याचं. वरून कष्टाचं काम असेल तर स्नायूही रक्त ओढून घेतात. आतड्याच्या पेशींना प्राणवायू अपुरा पडतो, उष्णतेने त्यांची ऊर्जाकेंद्रं बिघडतात आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असे आक्रमक रेणू ढिगाने तयार होऊ लागतात. एरवी ते थोड्या प्रमाणात असतातच, पेशी त्यांचा निरोप्यासारखा उपयोगही करते आणि जादा झाले तर पेशीतलं ग्लुटाथिओन हे संरक्षक द्रव्य त्यांना निकामी करतं. तो साठा पुरेनासा झाला की त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात.

या ताणात पेशी मरण्याआधीच शिवण सुटू लागते. पेरॉक्साइडमुळे सार्क नावाचं विकर जागं होतं आणि ऑक्ल्युडिनवर फॉस्फेट चिकटवतं. त्याबरोबर झेडओ-१ची पकड सैल होते आणि ऑक्ल्युडिन कडेवरून पेशीच्या आत ओढलं जातं. दुसरीकडे अ‍ॅक्टिनचा पट्टा आवळतो आणि पेशी एकमेकींपासून खेचल्या जातात.

आता जिवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन नावाचं विष रक्तात शिरतं. आधी ते यकृतात पोहोचतं. निरोगी यकृत ते गाळून टाकतं, पण तापलेल्या शरीरात यकृतही दमलेलं असतं. मग विष सर्वत्र पसरतं, प्रतिकारयंत्रणा भडकते आणि रक्त जागोजागी गोठायला लागतं. मूत्रपिंड आणि यकृत निकामी होऊ शकतात. म्हणूनच काही रुग्णांची प्रकृती अंग थंड झाल्यावरही ढासळत जाते.

त्यामुळे माणूस तापलेला आणि भ्रमिष्ट दिसला की १०८ला फोन लावा, पण गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, मोटारीच्या पाण्याने भिजवा, वारा घाला, बर्फ असेल तर तोही वापरा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, कारण इथे मेंदूने ताप चढवलेला नसतो.

अंगदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांची मला जास्त काळजी वाटते. त्या आतड्याचं अस्तर दुखावतात आणि शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडालाही त्रास देतात. दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाने त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. बाजारातल्या ‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्यांवर पैसे घालवण्यापेक्षा ओआरएस, सावली आणि मध्ये मध्ये विसावा यांची सोय करावी. उन्हाला सरावायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्यात घाम लवकर सुटू लागतो आणि पेशींमध्ये उष्णतेपासून सांभाळणारी प्रथिनं वाढतात. बाहेरगावाहून कापणीला आलेल्या नव्या गड्याला पहिल्याच दिवशी दुपारच्या खेपांना जुंपू नये, ते याचसाठी.