पंचगिरीचे शिक्षण (बडोदे)

पंचगिरी म्हणजे खेळाचा नियम चालू डावात, क्षणार्धात आणि दोन्ही बाजूंना सारखाच लावणे. सांघिक खेळांत ती शिकण्याची रीत एक, वैयक्तिक खेळांत दुसरी. नियमपुस्तक आठवड्याभरात पाठ होते. कुठे उभे राहायचे आणि आधी काय पाहायचे, हे अंगी मुरायला मात्र काही हंगाम जातात. नवखे पंच बहुधा इथेच चुकतात, म्हणून या नोंदीत भर त्यावरच आहे.

बडोद्याच्या मराठी वस्तीत हा विषय जुना आहे. हुतूतू (आजची कबड्डी) पूर्वी संजीवनी, गामिनी आणि अमर अशा निरनिराळ्या प्रकारांनी खेळला जाई. संजीवनीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई, गामिनीत बाद तो बादच राही, आणि अमरमध्ये बाद गडी मैदानातच राहून फक्त गुण मोजले जात. एका गावचा संघ दुसऱ्या गावी गेला की पहिला वाद प्रकारावरूनच. निवाडा करणारा बहुधा गावातला कोणी वडीलधारा असे आणि त्याचा आधार म्हणजे त्याचे वजन. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली या खेळाचे नियम तयार केले आणि त्याच वर्षी बडोद्यात त्या नियमांनुसार अखिल भारतीय स्पर्धा झाली. त्याआधी १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले होते. आज हा इतिहास खेळाडूंच्या अंगाने सांगितला जातो, पण त्याचा मोठा लाभ पंचाला झाला. नियम लिहिले गेले तेव्हाच पंच होणे ही शिकता येण्याजोगी गोष्ट झाली.

दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रा. माणिकराव यांनी सामुदायिक कवायतीसाठी हिंदी आज्ञा रूढ केल्या. मैदानाच्या पार टोकापर्यंत पोहोचेल असा छोटा, स्वच्छ उच्चार पंचालाही कमवावा लागतो. अडखळत दिलेला योग्य निर्णयसुद्धा खेळाडूंना संशयास्पद वाटतो.

सांघिक खेळांत खो-खो हा पंचासाठी सर्वांत कठीण खेळ म्हणायला हवा. त्यात चेंडू नाही, म्हणून नजरेला टेकायला जागा नाही. मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. एका वेळी नऊ आक्रमक, पैकी आठ चौरसांत आलटून पालटून विरुद्ध तोंडांनी बसलेले. प्रेक्षक पळणाऱ्याकडे पाहतात. पंचाने तसे केले की तो हरला. त्याने आधी आक्रमकाचे पाय पाहायचे असतात. बसलेल्या गड्याच्या आडव्या पाटीशी (त्याच्या चौरसातून जाणाऱ्या आडव्या पट्ट्याशी) पायाचा संबंध तुटल्यावर खो दिला का? उठलेल्या गड्याने एकदा धरलेली दिशा बदलली का? पाठीवर हात आणि तोंडातला खो एकदमच आले का? फाऊल झाला तर आक्रमकाला उलट दिशेने जावे लागते, आणि त्या फाऊलमुळे धावक बाद झाला असेल तर तो बाद धरला जात नाही. शिट्टीला उशीर झाला तर दोन्ही संघ आपापला न्याय घेऊन अंगावर येतात. मधल्या पाटीने मैदानाचे दोन भाग होतात. दोन पंच आपापल्या भागाचे निर्णय देतात, एकमेकांना साहाय्य करतात, आणि दोघांचे जुळले नाही तर सरपंच ठरवतो. शिकाऊ पंचासाठी उपयोगी सराव असा: नऊ मिनिटांची एक पाळी फक्त पाय पाहायचे, दुसरी पाळी फक्त हात. दोन्ही एकत्र पाहण्याची घाई करू नये.

कबड्डीत पाहण्याबरोबर ऐकणेही आले. तीस सेकंदांच्या चढाईत ‘कबड्डी’चा उच्चार स्पष्ट आणि अखंड हवा, आणि कोणालाही न शिवता परतणाऱ्या चढाईपटूने निदानरेषा (समोरच्या संघाच्या भागातली आडवी रेषा) किमान एकदा ओलांडलेली हवी. रेषा ओलांडली हे ठरवताना मागचा पाय हवेत होता का, हे पाहावे लागते. झटापट रंगात आली की नवखा पंच नेमका तो पाय विसरतो.

क्रिकेटमध्ये गोलंदाजाच्या टोकाला उभ्या पंचाची नजर आधी क्रीजवरच्या पायावर असते, मग ती झटकन वर उचलून समोरच्या फलंदाजावर न्यायची असते. ही एवढी हालचाल शेकडो वेळा करूनच जमते. पंच परीक्षांत लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक असे टप्पे असतात. तिसऱ्यात पुष्कळ पाठांतरबहाद्दर गळतात.

वैयक्तिक खेळांत कसोटी वेगळी. तिथे वाद घालायला अकरा जण नसतात, पण चूक एकाच मुलाच्या किंवा मुलीच्या पदरात पडते. हाताने वेळ घेणाऱ्याने स्टार्टरच्या पिस्तुलाचा धूर पाहून घड्याळ सुरू करायचे असते, आवाज ऐकून नव्हे. शंभर मीटर पार करायला आवाजाला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात आणि तेवढ्यात निकाल फिरतो. तीन घड्याळांत तीन वेगवेगळ्या वेळा आल्या तर मधली धरतात, १२.३१ सेकंद आले तर नोंद १२.४ होते, खाली उतरवत नाहीत. लांब उडीत मोजणी वाळूतल्या, उड्डाणरेषेला सर्वांत जवळच्या खुणेपासून. उडी उत्तम झाली आणि वाळूत उतरताना हात मागे टेकला, तर मोजायची ती हाताची खूण. मुलाचा चेहरा पाहून फीत सरकवायची नाही. कुस्तीत रेफरीच्या एका मनगटावर लाल आणि दुसऱ्यावर निळी पट्टी असते आणि गुण तो बोटांनी दाखवतो. रेफरी, जज आणि मॅट चेअरमन यांच्यापैकी दोघांचे मत जुळावे लागते. जिम्नॅस्टिक्समध्ये सादरीकरणाचे गुण १० पासून खाली येतात: लहान चुकीला ०.१, मध्यम चुकीला ०.३, मोठीला ०.५ आणि पडल्यास पूर्ण १. चूक लहान की मध्यम हे ठरवायला डोळा तयार व्हावा लागतो, आणि तो शेकडो संच पाहूनच होतो.

शिक्षणाची सुरुवात शिट्टीने करू नये. आधी गुणलेखक, मग वेळाधिकारी, मग लहान गटांच्या सामन्यांत पंच, हा क्रम बरा. गुणलेखकाला पंचाचा प्रत्येक इशारा वाचावा लागतो, त्यामुळे इशारे आपोआप अंगवळणी पडतात.

बडोद्यात भाषेचा एक वेगळा प्रश्न येतो. घरी मराठी बोलणारे दोन पंच, मैदानावर बहुतेक मुले गुजराती बोलणारी. निर्णयाआधी पंचांनी आपसात मराठीत कुजबुज केली तर मुलांना ती कळत नाही आणि एखादा मराठी मुलगा समोरच्या संघात असला की संशय बळावतो. म्हणून सामना चालू असताना पंचांनी एकमेकांशीही गुजराती किंवा हिंदीतच बोलावे, निर्णय इशाऱ्याने द्यावा, आणि मराठी गप्पा गुणपत्रकावर दोन्ही कर्णधारांच्या सह्या झाल्यावर ठेवाव्यात.