अपडेट केलं की फोन स्लो होतो? या समजुतीमागचा इतिहास

फोनवर ‘सिस्टिम अपडेट उपलब्ध आहे’ असा संदेश आला की आपल्याकडे बहुतेक घरांत एकच सल्ला मिळतो: हात लावू नकोस, चालतंय ते चालू दे. सल्ला देणारा भाचा असो, ऑफिसातला सहकारी असो की एसटी स्टँडसमोरचा मोबाईल दुरुस्तीवाला, कारणं ठरलेली असतात. अपडेट केलं की फोन हँग होतो, बॅटरी टिकत नाही, नाहीतर फोन डेड होतो. या भीतीला अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं ठरेल. गेल्या वीसेक वर्षांत फोनच्या सॉफ्टवेअरचं जे काही झालं त्यातूनच ती रुजली, आणि त्यातला बराच भाग एके काळी खरा होता. आता मात्र फोनवर यूपीआय आलं, बँक आली, आधार-पॅनचे फोटो आले. अशा वेळी तीच सावधगिरी आपल्याला महागात पडू शकते. म्हणून ती आली कुठून, हे नीट बघायला हवं.

साध्या फोनच्या काळात अपडेट ही गोष्ट ग्राहकाच्या वाट्याला येतच नव्हती. नोकिया ११०० बाजारात आला २००३ मध्ये. त्याचं सॉफ्टवेअर कारखान्यात भरलेलं असे आणि बहुतेकांच्या फोनमध्ये ते शेवटपर्यंत तेच राही. फोन सुरू होताना अडकला किंवा पडद्यावर ‘कॉन्टॅक्ट सर्व्हिस’ झळकलं, की तो दुकानात जायचा. दुकानदार फोन केबलने कॉम्प्युटरला जोडून मूळ सॉफ्टवेअर पुन्हा भरायचा, म्हणजे ‘सॉफ्टवेअर मारायचा’. फोनच्या मेमरीतले नंबर बहुधा जायचे, म्हणून महत्त्वाचे नंबर सिमवर किंवा डायरीत ठेवायची सवय लागली. दुसरा धोका विजेचा. सॉफ्टवेअर भरलं जात असताना मध्येच लाइट गेली, तर जुनं अर्धं पुसलेलं आणि नवं अर्धं लिहिलेलं अशा अवस्थेत फोन अडकायचा आणि पुन्हा सुरूच व्हायचा नाही. महाराष्ट्रात त्याच दशकात तासन्‌तास भारनियमन चालू होतं, हे लक्षात घेतलं की दुरुस्तीवाल्यांची काळजी कळते. आज ‘अपडेट करताना फोन बंद पडला तर संपलं’ असं ऐकू येतं, त्याचं मूळ तिथे आहे.

स्मार्टफोन आल्यावर चित्र बदललं, पण हळूहळू. पहिला आयफोन जून २००७ मध्ये विकायला आला. त्याचं नवं सॉफ्टवेअर घ्यायचं तर कॉम्प्युटर आणि त्यावर ॲपलचं आयट्यून्स हे सॉफ्टवेअर हवं. फोनवरूनच थेट अपडेट घेण्याची सोय ऑक्टोबर २०११ मध्ये आयओएस ५ सोबत आली (आयओएस म्हणजे आयफोनची सिस्टिम). अँड्रॉइडचा पहिला फोन, एचटीसी ड्रीम, २००८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत आला आणि त्यावर अपडेट सुरुवातीपासून हवेतूनच, म्हणजे केबलविना थेट फोनवर, येत होतं. तांत्रिकदृष्ट्या अँड्रॉइड इथे पुढे होतं. अडचण वेगळीच होती: ते अपडेट पाठवायचं कोणी?

ॲपलचं सगळं एका हातात. अँड्रॉइडचं तसं नाही. गुगल नवी आवृत्ती तयार करतं. मग क्वालकॉम किंवा मीडियाटेकसारखी चिप बनवणारी कंपनी आपल्या चिपसाठी लागणारा भाग त्यात बसवते. त्यानंतर फोनची कंपनी आपलं रंगरूप आणि आपली ॲप्स चढवते. अमेरिकेसारख्या देशात त्यापुढे मोबाईल सेवा कंपनीची तपासणी. या साखळीतल्या प्रत्येकाला खर्च आहे, आणि फोन आधीच विकला गेलेला असल्यामुळे नवी कमाई कुणालाच नाही. २०११ च्या मे महिन्यात गुगलने मोठमोठ्या कंपन्यांना सोबत घेऊन जाहीर केलं, की फोन बाजारात आल्यापासून १८ महिने त्याला अपडेट मिळत राहतील. त्या घोषणेचं पुढे काहीच झालं नाही. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतलं खरं दुखणं हेच आहे. विकलेल्या फोनची जबाबदारी कोणाची, हे बरीच वर्षं कुणी ठरवलंच नाही, आणि स्वस्त फोन घेणारा त्या रांगेत कायम शेवटी राहिला.

भारतात तो रांगेतला शेवटचा माणूस म्हणजे आपण बहुतेक जण होतो. चार-पाच हजारांत फोन देणाऱ्या देशी ब्रँडच्या किती फोनांना नवी आवृत्ती कधी दिसलीच नाही. यावर गुगलने एक प्रामाणिक प्रयत्न भारतातूनच सुरू केला. १५ सप्टेंबर २०१४ रोजी दिल्लीत सुंदर पिचाई यांनी अँड्रॉइड वन जाहीर केलं. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांचे तीन फोन, किंमत ६,३९९ रुपयांपासून, आणि अपडेटची हमी गुगलची. त्या वेळी मोबाईल डेटा किती महाग होता, याची आठवण आता पुसट झाली आहे. अपडेटच्या फाइलसाठी महिन्याचं नेट पॅक संपवायला कोण तयार होणार? म्हणून एअरटेलच्या सिमवर पहिले सहा महिने अपडेटचा डेटा मोफत ठेवावा लागला. कल्पना चांगली होती, फोन मात्र तोकडे होते: १ जीबी रॅम आणि ४ जीबी साठवण. त्यात सिस्टिमची जागा वजा केली की व्हॉट्सॲपचे फोटो भरायलाही जागा उरत नसे. ‘मेमरी फुल’ हा त्या काळातला सगळ्यात ओळखीचा संदेश होता, आणि जागा नसल्यामुळे अडलेलं अपडेट ही सगळ्यात नेहमीची तक्रार.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अँड्रॉइड ५.० म्हणजे लॉलीपॉप आलं. मराठी वाचकासाठी ही आवृत्ती महत्त्वाची आहे, कारण फोनच्या सेटिंग्ज आणि मेन्यू मराठीतून दाखवणाऱ्या भाषांच्या यादीत मराठी तेव्हा आली. त्याआधीच्या कितीतरी फोनांवर मराठी मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसत, किंवा वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटलेली असत. तो त्रास सिस्टिमच्या नव्या आवृत्त्यांनीच कमी केला. फोनमधली मराठी ही अशी अपडेटमधूनच आपल्यापर्यंत आली आहे, ही गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

पण अपडेटची बदनामी पक्की केली तीही लॉलीपॉपनेच. या आवृत्तीत ॲप चालवण्याची पद्धत मुळापासून बदलली. पूर्वी ॲपचा कोड ते चालवतानाच फोनच्या भाषेत उतरवला जाई. आता ते काम ॲप टाकतानाच आणि प्रत्येक सिस्टिम अपडेटनंतर एकदम उरकलं जाऊ लागलं. त्यामुळे अपडेटनंतर फोन सुरू करताना ‘शंभरातलं तिसरं ॲप तयार होत आहे’ अशा थाटाचा संदेश बराच वेळ बघत बसावं लागे. तयार केलेला कोड जास्त जागाही खाई. भरीला ५.० मध्ये मेमरी अडवून ठेवण्याचा एक दोष होता. गुगलचं स्वतःचं नेक्सस ७ टॅब्लेट, २०१२ चं, या अपडेटनंतर वापरण्याजोगं राहिलं नाही अशा तक्रारी जगभरातून आल्या. तेव्हा ‘अपडेट केलं आणि फोन स्लो झाला’ म्हणणारे खोटं बोलत नव्हते. रिकव्हरीत, म्हणजे फोनच्या दुरुस्तीच्या मेन्यूत, जाऊन कॅशे (तात्पुरत्या साठवलेल्या फाइली) पुसायचा सल्ला याच काळात तोंडोतोंडी झाला. २०१६ च्या अँड्रॉइड ७ ने ही पद्धत पुन्हा बदलली आणि तो लांबलचक संदेश गेला, सल्ला मात्र मागे राहिला.

एक वेगळी डोकेदुखीही २०१५ मध्ये, अँड्रॉइड ५.१ सोबत आली. चोरीचा फोन रिसेट करून, म्हणजे आतलं सगळं पुसून, विकता येऊ नये, म्हणून रिसेटनंतर जुनं गुगल खातं विचारलं जाऊ लागलं. हेतू उत्तम. पण आपल्याकडे लाखो लोकांचं जीमेल खातं फोन घेताना दुकानदारानेच उघडून दिलेलं, पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. फोन अडला म्हणून रिसेट मारला आणि मालकच बाहेर राहिला, असं आजही घडतं. रिसेटच्या आधी खात्याचा पासवर्ड माहीत आहे ना, हे बघणं म्हणूनच सगळ्यात आधीचं काम.

सुरक्षेच्या बाजूने मोठा धक्का बसला तो जुलै २०१५ मध्ये. झिम्पेरियम या संस्थेतल्या जोशुआ ड्रेक या संशोधकाने अँड्रॉइडच्या स्टेजफ्राइट नावाच्या भागातली त्रुटी जाहीर केली. व्हिडिओ वाचणाऱ्या या भागातून, नुसता एक एमएमएस, म्हणजे फोटो-व्हिडिओचा मेसेज, पाठवून, फोनमध्ये शिरता येत होतं. मालकाने काही उघडायचीही गरज नव्हती. सुमारे ९५ कोटी फोन धोक्यात असल्याचा अंदाज होता. दुरुस्ती गुगलकडे तयार होती, पण ती फोनांपर्यंत नेणारी साखळी तुटकी होती. पुढच्याच महिन्यात गुगलने आपल्या नेक्सस फोनांसाठी दरमहा सुरक्षा अपडेट सुरू केलं आणि सॅमसंग, एलजी यांनीही तसं जाहीर केलं. त्या वर्षअखेरीस अँड्रॉइड ६ मध्ये ‘सिक्युरिटी पॅच लेव्हल’ ही तारीख सेटिंग्जमध्ये दिसू लागली. फोन किती जुन्या दुरुस्तीवर चालतो आहे, हे मालकाला पहिल्यांदाच स्वतःला तपासता आलं.

आणि मग, विश्वास परत बसू लागला होता तेवढ्यात, २०१७ चा डिसेंबर उजाडला. फोनचा वेग मोजणारं गीकबेंच हे ॲप बनवणाऱ्या जॉन पूल यांनी त्यातल्या चाचण्यांचे आकडे मांडून दाखवलं, की जुने आयफोन ठराविक आवृत्त्यांनंतर मंदावतात. २० डिसेंबरला ॲपलने ते मान्य केलं. कारण तांत्रिक होतं. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. प्रोसेसरने एकदम जास्त वीज मागितली की व्होल्टेज कोसळतं आणि ३० टक्के चार्ज दिसत असतानाही फोन बंद पडतो. ते टाळायला वर्षाच्या सुरुवातीच्या आयओएस १०.२.१ या अपडेटने प्रोसेसरचा वरचा वेगच कमी केला होता. उपाय म्हणून तो वाईट नव्हता. वाईट होतं ते ग्राहकाला न सांगणं. ज्याला नवी बॅटरी टाकून भागलं असतं, त्याने नवा फोन घेतला. ॲपलने माफी मागितली, बॅटरी बदलण्याचा दर भारतात ६,५०० वरून २,००० रुपयांवर आणला, कर वेगळे, आणि २०१८ च्या आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची प्रकृती दाखवायला सुरुवात केली. इटलीच्या स्पर्धा नियामकाने त्याच वर्षी ॲपलला १ कोटी युरो आणि गॅलेक्सी नोट ४ वरच्या अपडेटसाठी सॅमसंगला ५० लाख युरो दंड ठोठावला. गावोगावच्या दुकानांत वर्षानुवर्षं बोलली जाणारी शंका अशी सरकारी कागदावर आली.

या सगळ्या काळात पडद्यामागे दुरुस्ती चालू होती, आणि तिची बातमी कधीच तेवढी पोहोचली नाही. २०१६ च्या पहिल्या पिक्सेलपासून, म्हणजे गुगलच्या स्वतःच्या फोनपासून, सिस्टिमच्या दोन प्रती ठेवायची पद्धत आली. फोन एका प्रतीवर चालत असताना अपडेट दुसऱ्या प्रतीत लिहिलं जातं, आणि नवी प्रत नीट सुरू झाली नाही तर फोन जुन्यावर परततो. भारनियमनाच्या काळातला तो डेड फोन या पद्धतीत उरत नाही. सगळ्यांनी ती लगेच उचलली नाही. सॅमसंगच्या गॅलेक्सी मालिकेत ती २०२४ मध्ये ए५५ पासून दिसू लागली. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ ने चिपशी संबंधित भाग आणि वरची सिस्टिम यांची फारकत केली, म्हणजे दरवेळी चिप कंपनीची वाट बघायला नको. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून सिस्टिमचे काही भाग प्ले स्टोअरच्या वाटेने परस्पर दुरुस्त होऊ लागले.

तुकड्यांनी येणाऱ्या अपडेटचीही किंमत असते. मार्च २०२१ मध्ये जगभर अँड्रॉइडवर जीमेलसारखी ॲप्स उघडताच बंद पडू लागली. दोष होता ॲपच्या आत वेबपान दाखवणाऱ्या वेबव्ह्यू या घटकाच्या नव्या आवृत्तीत. असंख्य लोकांनी फोन रिसेट केले, डेटा घालवला, आणि उपाय निघाला वेबव्ह्यू आणि क्रोम पुन्हा अपडेट करण्याचा. तेव्हापासून मी सांगत आलो आहे: एकाच दिवशी अनेक ॲप्स एकदम पडू लागली, तर रिसेटला हात लावण्याआधी एक दिवस थांबा आणि प्ले स्टोअरमधली अपडेट्स बघा.

अपडेटनंतर दोन-तीन दिवस फोन गरम होतो, बॅटरी लवकर उतरते, हे आजही खरं आहे. फोन आतल्या आत ॲप्स नव्याने तयार करतो, फोटोंची सूची पुन्हा लावतो, म्हणून ते होतं आणि मग निवळतं. आठवड्यानंतरही तसंच राहिलं, तर बॅटरी तपासावी.

जबाबदारीचा प्रश्न आता कुठे मार्गी लागतो आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांची हमी मिळाली. स्वस्त गटात गॅलेक्सी ए१६ ला सहा वर्षांची मिळाली. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट देणं कायद्याने सक्तीचं झालं. आपल्याकडे ही मुदत कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलते, आणि खोक्यावर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल ठळक असतात, ती नसते. दुकानात विचारावं लागतं.

आपल्या घरांत फोनला दुसरं आयुष्य असतं. मुलाने नवा घेतला की जुना आईकडे जातो, तिच्याकडून आजीकडे. तिच्या पेन्शनचा मेसेज त्यावर येतो, यूपीआय त्यावर असतं, आणि त्या फोनची अपडेट्स कधीचीच थांबलेली असतात. सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ या भागात, अँड्रॉइड आवृत्तीच्या आसपास, सिक्युरिटी पॅचची तारीख असते. ती दोन-तीन वर्षं मागची असेल आणि नवं काही येत नसेल, तर त्या फोनवर बोलणं, फोटो, भजनं सगळं चालू द्या. बँकेचं ॲप आणि यूपीआय मात्र तेवढं दुसऱ्या फोनवर हलवा.